दलित कलावंताची मुलाखत : साक्षीदार की कर्ता?

१

मुलाखत हा प्रकार आपण समीक्षेत धरीत नाही. कवितासंग्रहाचे परीक्षण होते, आत्मकथनांवर प्रबंध लिहिले जातात, नाटकांवर परिसंवाद घडतात. पण कलावंताशी झालेल्या संभाषणाकडे आपण पुरवणी मजकूर म्हणून पाहतो. अंकाची चार पाने भरायची राहिली की एखाद्या शाहिराची मुलाखत टाकावी, सोबत फोटो द्यावा, एवढीच तिची किंमत. माझे म्हणणे असे की दलित साहित्याच्या गेल्या पन्नास-साठ वर्षांच्या वाटचालीत आपण कलावंताला काय विचारले आणि काय विचारले नाही, हे तपासल्याशिवाय आपल्या समीक्षेची तपासणी पुरी होणार नाही. प्रश्न कधीच निरुपद्रवी नसतो. समोरच्या माणसाला कोणत्या जागी बसवायचे, हे उत्तर येण्याआधी प्रश्नानेच ठरवलेले असते.

आपला कलावंत बहुतेक वेळा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा केला गेला आहे. काय भोगले, कोणी हाकलले, पाणी कसे मिळाले, शाळेत कुठे बसवले, हे त्याला पुन्हा पुन्हा विचारले जाते. गाणे कसे केले, ओळ कुठे मोडली, चाल कुठून घेतली, कोणते कडवे टाकून दिले आणि का, हे क्वचितच कोणी विचारतो. ज्याला हे दुसरे प्रश्न विचारले जातात तो कलावंत ठरतो. ज्याला पहिलेच तेवढे विचारले जातात तो पुरावा ठरतो. हा भेद कसा पडला, त्याला केवळ प्रस्थापित समीक्षक जबाबदार आहेत काय, आणि तो मोडायचा कसा, याचा विचार मला येथे करायचा आहे. सुरुवात मी माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो.

२

मी चांदूर बाजारला कॉलेजात मराठी शिकवतो. घरात पदवी घेतलेला मी पहिला. आई-वडील संत्र्याच्या बागांतून मजुरीला जात. आईच्या माहेरी, पूर्णेकाठच्या एका खेड्यात, खंजिरीवर भीमगीते गाणारे एक म्हातारे गृहस्थ होते. आईच्या माहेरचे म्हणून मी त्यांना मामा म्हणे. तरुणपणी त्यांची स्वतःची गायनपार्टी होती. चौदा एप्रिल, चौदा ऑक्टोबर, सहा डिसेंबर या तारखांना ते गावोगाव जात. उरलेले वर्ष तोडणीची, पेट्या भरण्याची मजुरी.

पाच वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी मी त्यांची मुलाखत घ्यायला गेलो. वहीत बारा प्रश्न लिहून नेले होते. बालपण, विहीर, शाळा, धर्मांतर, नव्या पिढीला संदेश. मामा एकेका प्रश्नाला उत्तर देत गेले. पाठ म्हटल्यासारखी उत्तरे होती, कारण माझ्याआधी आलेल्या दोघा-तिघांनी त्यांना हेच विचारले होते. चाळीस मिनिटांनी मी मोबाइलचे रेकॉर्डिंग बंद केले. तेव्हा मामांनी खुंटीवरची खंजिरी काढून मांडीवर घेतली होती.

"झालं?" ते म्हणाले. "मी तं समजलो आता सुरू होते."

मी हसलो, चहा घेतला आणि निघालो. पुढे मुलाखत छापून आली. नातीने ती त्यांना वाचून दाखवली. मी पुन्हा गेलो तेव्हा मामा म्हणाले, "हे मी नाई बोललो बापू, हे तूच बोलला."

मला राग आला. रेकॉर्डिंग माझ्याजवळ होते, मी एक वाक्य पदरचे घातले नव्हते. घरी येऊन ध्वनिमुद्रण आणि छापील मजकूर शेजारी ठेवून तपासले. "मले" चे "मला" झाले होते, "काहून" चे "का" झाले होते. उद्धव शेळके यांनी १९६० मध्ये 'धग' लिहून वऱ्हाडी बोली मराठी कादंबरीत ताठ मानेने आणली, हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो. आणि माझ्याच मामांची बोली मी प्रमाण भाषेच्या रंध्याखाली घातली होती. पण याहून मोठी चूक एका क्रियापदात होती. मामा म्हणाले होते, "थे गाणं म्या शेंदूरजन्याच्या रस्त्यानं पायी येता येता जोडलं." मी छापले होते, "ते गीत मला शेंदूरजन्याच्या वाटेवर स्फुरले."

जोडणे आणि स्फुरणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. सुतार चौकट जोडतो. त्याला लाकूड कळावे लागते, माप कळावे लागते, सांधा कुठे येणार हे आधी ठरवावे लागते. स्फुरणाऱ्याला यातले काही करावे लागत नाही, त्याच्याकडून ते आपोआप होते. एका शब्दाने मी एका जाणत्या कारागिराचा भाबडा, प्रेरणेने भारलेला 'लोककवी' करून टाकला होता. हे करणारा कोणी पांढरपेशा समीक्षक नव्हता. मीच होतो.

३

ही सवय मला कुठून लागली? ज्या पुस्तकांवर आमची पिढी वाढली त्यांच्या स्वागताची रीत पाहिली की उत्तर सापडू लागते.

नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. ती लिहिण्यापूर्वी तेंडुलकर कवीबरोबर त्या वस्तीत हिंडले, न कळलेल्या शब्दांचे अर्थ त्यांनी कवीला विचारले आणि आपले अज्ञान लपवले नाही. एका नामवंत नाटककाराने तरुण दलित कवीपुढे विद्यार्थी होऊन बसावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. त्या प्रस्तावनेचे ऋण मी मानतो. पण तिच्यामागे आलेल्यांनी तिच्यातला प्रामाणिकपणा सोडला आणि शब्दकोश तेवढा उचलला. वस्ती पाहायची, शब्दांचे अर्थ लावायचे, कविता संपली. ढसाळांची ओळ एवढी लांब का धावते, सरकारी कागदाची भाषा, सिनेमाची भाषा आणि शिवी एकाच दमात आणताना तिचा तोल कसा राहतो, हे प्रश्न बाजूला पडले. ते धरले ते बहुतांशी दिलीप चित्रे यांनी. चित्रे स्वतः कवी, तुकारामाचे भाषांतरकार. ढसाळांच्या १९७२ ते २००६ या काळातील निवडक कवितांचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २००७ साली प्रसिद्ध झाले. भाषांतर म्हणजे दीर्घ मुलाखतच असते. प्रत्येक शब्दाजवळ थांबून 'हाच का?' असे विचारावे लागते. एका कवीने दुसऱ्या कवीला बरोबरीने विचारले, म्हणून तेथे ढसाळ कवी म्हणून दिसतात.

'बलुतं' चे उदाहरण याहून बोलके आहे. १९७८ साली दया पवारांचे हे आत्मकथन आले तेव्हा चर्चा कशाची झाली? हे खरे आहे काय, एवढे भयंकर असते काय, घरातली लक्तरे वेशीवर टांगावीत काय. शेवटचा प्रश्न तर आपल्याच समाजातून आला. पण पुस्तकाची रचना पाहा. तेथे दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार या लेखकाला सांगतो. एकाच माणसाचे दोन भाग समोरासमोर बसले आहेत: एक शिकलेला, शहरात रुळलेला, ऐकणारा; दुसरा गावकुसाबाहेर वाढलेला, बोलणारा. म्हणजे 'बलुतं' हे पुस्तकच एक मुलाखत आहे, आणि ती लेखकाने जाणीवपूर्वक योजलेली आहे. शिकलेल्या दलिताची दुभंगलेली अवस्था मांडायला याहून नेमके रूप सापडले नसते. तरीही हे पुस्तक आपण कच्चा अनुभव म्हणून वाचले. सांगणाऱ्या दगडूला आपण पाहिले. त्याला समोर बसवणाऱ्या लेखकाचा हात पाहिला नाही.

भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशांच्या स्वरूपाविषयी आणि कार्याविषयी १९७८ मध्येच पुस्तक लिहिले. ते स्वतः जलसाकार होते. जलशाची मांडणी कशी असे, हे त्यांना वयाच्या उतारावर स्वतःच लिहून ठेवावे लागले. जे कोणी विचारत नाही ते आपणच स्वतःला विचारायचे, ही पाळी आपल्या कलावंतांवर वारंवार आली आहे.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्या काळात साक्षीची गरज होती. अत्याचार घडतो हेच मुळी नाकारले जात होते. अशा वेळी कवीने साक्षीदार होणे हे त्याचे कर्तव्य होते, आणि ते त्याने बजावले म्हणून आम्ही आज पिंजऱ्याबाहेरचे प्रश्न विचारू शकतो. माझी तक्रार साक्षीविरुद्ध नाही. साक्ष घेऊन झाल्यावर साक्षीदाराला घरी पाठवून दिले जाते, त्याविरुद्ध आहे.

४

वामनदादा कर्डकांविषयी लिहिताना हमखास एक शब्द येतो: 'असूनही'. शाळेत न गेलेले असूनही, मोठेपणी अक्षरे शिकलेले असूनही त्यांनी एवढी गीते लिहिली! हा शब्द आदराने वापरला जातो, पण त्याच्या पोटात जुनी समजूत आहे: ज्ञान शाळेतून येते, आणि जो शाळेत गेला नाही त्याच्या हातून जे घडते तो चमत्कार. चमत्कार म्हटले की कारणे शोधायची गरज उरत नाही. वस्तुतः अक्षरे शिकण्याआधी वामनदादांचा कान तयार झालेला होता. १९४३ साली त्यांनी पहिले गीत रचले तेही एका हिंदी सिनेगीताच्या चालीवर. हजारो लोकांना एकदा ऐकून पाठ होईल असे गीत घडवायला किती गोष्टी ठाऊक असाव्या लागतात, याची मोजदाद व्हायला हवी होती. ते २००४ साली गेले. त्यांच्या गीतांवर आशयाच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले; घडणीच्या अंगाने त्यांना कोणी पुरेसे विचारले, असे मला वाटत नाही.

जलशांविषयी बाबासाहेबांच्या नावे एक उद्गार सांगितला जातो: आपल्या अनेक सभांचे काम एक जलसा करतो, अशा आशयाचा. प्रत्येक गायनपार्टीच्या कार्यक्रमात निवेदक तो ऐकवतो. पण तो ऐकून पुढचा प्रश्न आपण विचारत नाही. एक जलसा हे काम कसे करतो? सभेत जे होत नाही ते गाण्यात कशामुळे होते? उद्गार पाठ झाला, शोध झाला नाही.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये जातिव्यवस्थेविषयी सांगितले की ती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे. ही विभागणी कलेतही आहे. करणारे हात एकीकडे, जाणणारे डोके दुसरीकडे. चामडे कमावणाऱ्याला चामड्याचे शास्त्र असते, पण शास्त्री त्याला कोणी म्हटले नाही. वाजवणारा पिढ्यान्‌पिढ्या वाजवतो, त्याविषयी बोलण्याचा अधिकार मात्र दुसऱ्याचा. दलित कलावंताला त्याच्या कारागिरीविषयी न विचारणे हे या जुन्या विभागणीचेच नवे, सुशिक्षित रूप होय. त्याच्याकडे दुःख आहे एवढे मान्य केले जाते. त्याच्याकडे ज्ञान आहे हे मान्य करणे अजून जड जाते. आम्हा पदवीधरांनाही जड जाते, कारण आमची पदवीच या समजुतीवर उभी आहे.

५

वेगळ्या रीतीने विचारणारे आपल्याकडे झालेच नाहीत असे नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' १९८९ मध्ये आले. त्यात इतिहासाबरोबरच आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखती आहेत. नागपूरला जुलै १९४२ मध्ये झालेल्या अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषदेच्या अध्यक्षा सुलोचनाबाई डोंगरे आमच्या अमरावतीच्या, हे माझ्या विद्यार्थिनींना माहीत नव्हते. या पुस्तकाच्या लेखिकांनी चळवळीतल्या बाईला 'तुम्ही काय केले?' असे विचारले. 'तुमचे काय झाले?' आणि 'तुम्ही काय केले?' या दोन प्रश्नांतला फरक लक्षात घेतला तर माझा सगळा मुद्दा त्यात येतो.

हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गाव नोंदवले. त्याआधी हीच संपत्ती 'लोकसाहित्य' या नावाखाली निनावी छापली जाई. लोकसाहित्य म्हणजे ज्याला कर्ता नाही ते, अशी व्याख्या करून आपण किती बायकांची नावे पुसली! बाबासाहेबांवर ओव्या रचणाऱ्या बाईलाही नाव असते, हे मान्य करणे हीच तिच्या मुलाखतीची पहिली पायरी आहे.

आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' २०११ मध्ये आला. त्यामागे चौदा वर्षांचे काम आहे. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत रमाबाई नगरात पोलिसांनी केलेल्या गोळीबारात दहा माणसे मेली, आणि काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. १९८५ च्या 'हमारा शहर' मध्ये घोगरे गाताना दिसतात. पुढच्या चित्रपटात त्यांना विचारायचे राहिलेले सगळे प्रश्न इतरांना विचारत जावे लागले. पटवर्धन वस्त्यावस्त्यांतल्या गायकांकडे गेले, गाण्यांना वेळ दिला, घाईने निष्कर्ष काढला नाही. तरी तो चित्रपट पाहताना मला एक रिकामी खुर्ची दिसत राहते. ज्याच्यापासून शोध सुरू झाला तोच उत्तर द्यायला नाही.

परदेशातले एक उदाहरण देतो. कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय आपल्याला म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांच्यासारख्यांनी करून दिला, तेव्हा तुलना मुख्यतः वेदनेची आणि विद्रोहाची झाली. 'इन्व्हिजिबल मॅन' या कादंबरीचे लेखक राल्फ एलिसन यांची १९५५ साली 'पॅरिस रिव्ह्यू' या नियतकालिकात मुलाखत आली. लेखकाला लेखनाच्या घडणीविषयी विचारणे हे या नियतकालिकाच्या मुलाखतींचे वैशिष्ट्य. एलिसन तेथे निषेध आणि कला यांत विरोध मानायला नकार देतात. वाक्य कसे रचावे हे आपण हेमिंग्वे वाचून शिकलो असे सांगतात, आणि पुढे म्हणतात की उडत्या पक्ष्याची शिकार कशी साधावी हेही त्याच वाचनातून कळले. पोट आणि वाक्यरचना एकाच उत्तरात! विचारणाऱ्याने वंशभेदाचेच तेवढे प्रश्न विचारले असते तर हे उत्तर जगाला मिळाले नसते.

६

यावर कार्यकर्ते मित्र म्हणतील, हा कलावाद आहे. आग लागलेली असताना मात्रा मोजत बसायचे काय?

मामांकडे मी नंतर तीनदा गेलो. प्रश्नांची वही नेली नाही. खंजिरी कशी तापवता, एवढेच विचारले. थंडीच्या रात्री कातडे सैल पडते, शेकोटीवर धरावे लागते, जास्त शेकले तर आवाज फाटतो, असे सांगता सांगता मामा गाण्यावर आले. मी विचारले, बोलताना तुम्ही नेहमी 'बाबासाहेब' म्हणता, मग गाण्यात 'भीम' का? पुष्कळ विद्वान याचे उत्तर भक्तिसंप्रदायाच्या एकेरी संबोधनात शोधतात. मीही शोधले होते. मामांनी खंजिरीवर बोटे टेकवली.

"'बाबासाहेब' म्हटलं का तोंड भरते, पन ठेक्यात मावत नाई. 'भीम' कुठीबी बसते."

मी मोजून पाहिले. केरव्याच्या आठ मात्रा, 'बाबासाहेब' च्या नऊ. 'भीम' तीन मात्रांत येतो, 'भीमराया' सातांत. जिव्हाळ्याचा भाग त्यात आहेच, पण त्या जिव्हाळ्याला ठेक्याने जागा करून दिली. सिनेमाच्या चालीबद्दल विचारले, कारण आमचे समीक्षक तिला नक्कल म्हणतात. मामा म्हणाले, "चाल लोकाइच्या कानात पैलेच बसेल असते. दिवसभर राबेल मानसाले एका रातीत दोन गोष्टी शिकवता येत नाईत. म्हनून शब्दच तेवढे नवे द्या लागते."

ही केवळ संगीताची गोष्ट आहे काय? निरक्षर, थकलेल्या श्रोत्यापर्यंत विचार एका रात्रीत कसा पोचवावा, याचे हे अनुभवातून काढलेले शास्त्र आहे. आमच्या अभ्यासवर्गांना आणि शिबिरांना ते कधी साधलेले नाही. चळवळ कशी पसरली हे समजून घ्यायचे असेल तर गाणे कसे जोडले हे विचारावेच लागेल. हा कलावाद असेल तर कार्यकर्त्यांना त्याची माझ्याहून अधिक गरज आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या तालुक्यातल्या गायकाकडे, वाजवणाऱ्याकडे, ओवी गाणाऱ्या म्हातारीकडे जा. एकदा जाऊन भागणार नाही. पहिल्या भेटीत पाठ उत्तरे मिळतील, ती मिळू द्या. मग विचारा: शिकवले कोणी, पहिली चूक कोणती झाली, चाल कुठून घेतली, कोणत्या गावात गाणे पडले आणि का पडले, बिदागी किती मिळे, कोणती ओळ बदलली, कोणाच्या सांगण्यावरून बदलली. जे लिहाल ते त्यांच्या बोलीत लिहा आणि छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवा. त्यांनी 'हे मी बोललो नाही' म्हटले तर खोडा. विद्यापीठाच्या प्रबंधासाठी हे करू नका असे मी म्हणत नाही. पण प्रबंध झाल्यावर त्यांची वही त्यांना परत द्या.

वहीची गोष्ट सांगून थांबतो. मामांच्या गाण्यांची एक वही होती. ओळींच्या वर त्यांनी पेनाने खुणा केल्या होत्या. फुली म्हणजे दम घ्यायचा, गोल म्हणजे खंजिरी थांबवून शब्द एकटा सोडायचा. तिसरी खूण दोन आडव्या रेघांची. तिचे विचारायचे मी पुढच्या भेटीवर ठेवले, कारण शेवटची एसटी निघून गेली असती. गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. वही आता नातीकडे आहे. गाण्यांतले सगळे शब्द वाचता येतात. त्या दोन रेघा पार्टीतल्या जुन्या माणसांपैकी कोणाला कळतात का, ते मी विचारत फिरतो आहे. अजून तरी कोणी भेटलेले नाही.

बारा प्रश्न विचारण्यात मी जी पहिली चाळीस मिनिटे घालवली, ती मला परत हवी आहेत. ज्यांचे मामा अजून आहेत त्यांनी ती वाया घालवू नयेत.